रिपोर्ट अजून आलेला नाही

भूपाल, तुझा रिपोर्ट तुझ्याआधी मी वाचला आणि तुला सांगितलं की तो अजून आलेला नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून मोकळा होतो, कारण तुला प्रस्तावना आवडायची नाही. एखाद्या पोरानं प्रयोगवहीत पानभर 'उद्देश' खरडला की तू वही त्याच्यापुढं उलटी धरायचास आणि विचारायचास, "आकडा कुठं हाय?" तर हा माझा आकडा. नऊ आठवडे. नऊ आठवडे मी तुझ्याशी तोंडावर खोटं बोललो, आणि तू गेलास त्याला आज अठरा दिवस झाले.

निपाणीला तुझ्या कॉलेजनं शोकसभा घेतली. तुला मनमिळाऊ म्हणाले. एक जण ऋजू म्हणाला. मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. एका मुलीला भर वर्गात तू म्हणाला होतास, की तुझ्या आलेखापेक्षा आमच्या म्हशीचं शेपूट सरळ असतंय. ती रडत घरी गेली. मी तुला झापलं तेव्हा तू निवांतपणे म्हणालास, "आलेख वाकडाच हुता रं." तू दुष्ट होतास, भूप्या. मला बोलायला बोलावलं, मी हातानंच नको म्हटलं. मला माईकसमोर तुझ्याविषयी बोलायचं नव्हतं. तुझ्याशी बोलायचं होतं, आणि गोड बोलायचं नव्हतं.

आपलं भांडण काय होतं ते तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. धारवाडला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी सुरू झालं आणि तीस वर्षं चाललं. बेळगावला मी शिकवत होतो, निपाणीला तू, आणि आपल्या बायकांना वाटायचं की आपण शेताच्या बांधावरून भांडतोय. भांडण एवढंच होतं: प्रकाशाचा एक कण गाळणीच्या काचेवर सोडला तर तो आरपार जातो किंवा अडतो. काच थोडी फिरवली की उत्तर बदलू शकतं. तर कण काचेपाशी पोचण्याआधीच ते उत्तर त्याच्याजवळ ठरलेलं असतं का? तू म्हणायचास, असतं. वस्तूला तिचा गुण असतो, आपण तो फक्त वाचतो. मी म्हणायचो, नसतं, विचारल्यावर ठरतं. "म्हंजे मी वखारीत न्हाय गेलो तर वखार न्हाय व्हय रं?" असं तू म्हणायचास, आणि मी म्हणायचो की वखारीचं मला सांगू नकोस, कणाचं बोल.

हे मोजता येतं, हे त्या भांडणातलं सगळ्यात चांगलं. तूच मुलांना समजावून सांगायचास आणि माझ्याहून चांगलं सांगायचास. एका स्फटिकातून जुळे कण निघतात. दोन जुळे भाऊ दोन वेगळ्या हॉलमध्ये परीक्षेला बसलेत असं समजा. प्रत्येक हॉलमध्ये दोनच प्रश्न निघू शकतात, त्यातला एकच विचारला जाणार. कुठला, ते भावांना आधी ठाऊक नाही. दोघं जर सगळी उत्तरं कागदावर लिहून, खिशात कॉपी घेऊन आले असतील, तर त्यांची उत्तरं किती जुळावीत याला एक हद्द आहे. प्रश्नांच्या चारही जोड्यांचा मेळ घालून जो आकडा निघतो तो दोनच्या वर जाऊ शकत नाही. गेला, तर खिशात कॉपी नव्हती. "न्हायतर भावा-भावात खबर पोचत हुती," हे तू लगेच जोडायचास, आणि ते जोडायलाच हवं हे मलाही मान्य होतं.

जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांनी हे कधीच मोजून झालंय. आकडा दोनच्या वर जातो. मी तुला छापील कागद आणून दाखवायचो आणि तू ते बाजूला सारायचास. "मी बघितल्याबिगर न्हाय." बघितल्याशिवायही वस्तू असते असं तीस वर्षं ओरडणारा माणूस स्वतः बघितल्याशिवाय काहीच मानायचा नाही. ही विसंगती मी तुला किती वेळा दाखवली, आणि दर वेळी तू चहा मागितलास.

शेवटी तुमच्या तंबाखूच्या वखारीत मांडलं आपण ते. व्यापार अण्णांनी, तुझ्या थोरल्या भावानं, दुसरीकडं हलवला होता आणि जुनी वखार रिकामी होती. जाड भिंती, एक खिडकी नाही, दार लावलं की भर दुपारी हात दिसत नाही. लेझर आणि डिटेक्टर दोन कॉलेजांतून मागून आणले, गाळण्या फिरवायच्या चकत्या उद्यमबागेत एका लेथवाल्याकडून करून घेतल्या. हायवेवरच्या ट्रकांनी मेज हादरायचं, म्हणून स्कूटरच्या ट्यूबा फुगवून त्यांवर कडप्प्याची फरशी टाकली. फरशीचा विचार तुझा, ट्यूबांचा माझा, आणि दोन्ही विचार आपलेच असं आपण दोघंही लोकांना सांगायचो. वखारीच्या सांदीसांदीत तंबाखूची धूळ होती. पहिला तास नुसत्या शिंका. तुम्ही जैन, तीन पिढ्या तंबाखूत, आणि घरात एकानंही कधी चिमूट तोंडात टाकली नाही, हे तू अभिमानानं सांगायचास आणि शिंकायचास.

पहिल्यांदा आकडा आला एक पूर्णांक सात. तू उड्या मारल्यास. तुझ्या वयाच्या माणसानं मारू नयेत अशा. मी आठवडाभर गप्प बसून शोधलं आणि सापडलं: कौलांच्या फटींतून उजेड आत येत होता आणि डिटेक्टर तोही मोजत होता. मी शिडी लावली, फटींत गोणपाट कोंबलं, पुन्हा मोजलं. दोन पूर्णांक चार.

त्या दिवशी मी काय केलं ते आठवून मला अजून बरं वाटतं, आणि बरं वाटावं असं ते नाही. तू कागदाकडं बघत उभा होतास. मी वखारीच्या दारात जाऊन अंगणापलीकडं हाक मारली, "वैनी, तुमचा नवरा हरला!" वैनी ओल्या हातांनी धावत बाहेर आल्या, त्यांना वाटलं कुणाला तरी काही झालं. पुढच्या रविवारी मी बेळगावहून एक किलो कुंदा घेऊन आलो, तुझ्या हरण्याचा म्हणून तुमच्या घरात वाटला. तू रागानं लाल झालास आणि त्यातला अर्धा एकट्यानं खाल्लास.

परतफेड तू माझ्याच कॉलेजात केलीस. मी तुला व्याख्यानाला बोलावलं होतं, माझे विद्यार्थी समोर, प्राचार्य पहिल्या रांगेत. तू शांतपणे म्हणालास, "परशराम सरांच्या प्रयोगात प्रश्न कुठला विचारायचा ते परशराम सर ठरवतात. उत्तर काय यावं ते त्यांना आधीपासून ठाऊक असतं. तसं उत्तर आलं की कुंदा वाटतात. आमच्याकडं याला प्रयोग म्हणत नाहीत." पोरं हसली. प्राचार्यही हसले. मी तुझ्याशी चार महिने बोललो नाही. मग दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमेच्या दिवशी तू टिळकवाडीला माझ्या दारात हजर. हात जोडून "उत्तम क्षमा, परशा" म्हणालास, चपला काढल्यास, आणि खुर्चीवर टेकायच्या आत म्हणालास, "पण भोक हायच."

भोक होतंच. गाळण्या कुठल्या कोनावर लावायच्या ते मी ठरवत होतो, आणि मी ठरवत होतो तोवर तुझी शंका जिवंत होती. म्हणून तू चिठ्ठ्या काढल्यास. दोन स्टीलचे डबे, प्रत्येकात दोन चिठ्ठ्या, दर चिठ्ठीवर एक कोन. तू पूर्वेच्या टोकाला, मी पश्चिमेच्या, मधे गोणपाटाचा पडदा. दर वेळी दोघांनी आपापल्या डब्यातून चिठ्ठी उचलायची, तो कोन लावायचा, आपल्याच वहीत लिहायचा, एकमेकांना सांगायचं नाही. मधलं यंत्र जुळण्या मोजणार. अशा चाळीस फेऱ्या, आणि चाळीस झाल्याशिवाय वह्या उघडायच्या नाहीत. "मधीच डोकवायचं न्हाय," तू बजावलंस. "डोकावलास की थांबावंसं वाटतंय, आनि माणूस आपल्याला पायजे तिथंच थांबतो."

अकरा फेऱ्या झाल्या. अकराव्या फेरीनंतर तू भिंतीला टेकून बसलास आणि म्हणालास दम लागला. मी बॅटरी पेटवली. तुझे डोळे पिवळे दिसले.

दवाखाना बेळगावला होता, म्हणून तपासण्यांच्या दिवसांत तू माझ्याकडं राहिलास. रिपोर्ट आणायला मी गेलो. स्कूटर लावतात तिथं उभ्या उभ्या वाचला. स्वादुपिंडातली गाठ, यकृतापर्यंत पोचलेली. डॉक्टरांनी दोन-तीन महिने म्हटलं, आणि हे म्हणताना ते माझ्याकडं न बघता फाइलकडं बघत होते. निपाणीहून अण्णा आणि वैनी आले. तू आत झोपला होतास. माझ्या फाटकापाशी आम्ही तिघं उभे होतो.

"परशराम, ह्यातलं एक अक्षर भूपालच्या कानावर जाता कामा न्हाय," अण्णा म्हणाले. "ऐकलं तर आठ दिसात बसंल त्यो. कावीळ म्हणून सांगायचं. तुकडा तपासायला बंगळूरला पाठवलाय, रिपोर्ट यायचाय म्हणायचं."

वैनी फाटकाची कडी धरून खाली बघत होत्या. मी म्हणालो, "व्हय अण्णा."

आपल्याकडं असंच करतात. आमच्या गावी, काकतीला, माझ्या वडिलांच्या वेळी मीही केलं होतं. रोग अख्ख्या गल्लीला ठाऊक असतो, फक्त रोग्याला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण उंबऱ्यात तोंड नीट करून आत येतो, पिशवीतली केळी ठेवतो आणि "रंग बरा दिसतोय" म्हणतो. याला माया म्हणतात. असेलही.

पण तू वेगळं सांगून ठेवलं होतंस, आणि मला सांगून ठेवलं होतंस. तुझ्या आईच्या शेवटच्या दिवसांविषयी तू इतकं बोलायचास की मला ती माझीच आई वाटायची. वैद्यानं सगळं स्पष्ट सांगितल्यावर तिनं सल्लेखनेचं, अन्न सोडायचं व्रत घेतलं, घरातल्या प्रत्येकाला, तंबाखू निवडायला येणाऱ्या बायकांनासुद्धा, जवळ बोलावून क्षमा मागितली, आणि जाणतेपणानं गेली. "परशा, माझी यळ आली की मला सरळ सांग. रडारड नगो. मला बी डोळं उघडं ठिवून जायचंय." मी म्हणालो होतो, सांगीन. वखारीच्या पायरीवर बसून म्हणालो होतो, तू सोबत होतास, दुसरं कुणी नव्हतं.

मग का सांगितलं नाही? अण्णांच्या धाकानं, असं मी इतके दिवस स्वतःला पटवलं. ते खरं नाही. अण्णा वयानं मोठे, पण मी त्यांच्या घरचा गडी नव्हे. वैनींची दया आली, हेही निम्मंच खरं. खरं कारण लिहितो, आणि हे वाचून कुणी माझ्याशी बोलणं टाकलं तरी हरकत नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा तुला ठाऊक नसलेलं एक उत्तर माझ्या खिशात होतं. तू बोलायचास, मी ऐकायचो, आणि मनात म्हणायचो, तुला काहीच ठाऊक नाही. त्यात मला सुख झालं. थोडं झालं, पहिले तीन-चार दिवसच झालं, पण झालं. मरायला टेकलेल्या मित्रापेक्षा आपल्याला जास्त कळतं याचं सुख. एवढा हलका माणूस तुझा सगळ्यात जवळचा मित्र होता.

आणि मग ती कावीळ आपण सगळ्यांनी मिळून पाळली. खोटा रोग म्हटला की त्याचं पथ्यही खरं पाळावं लागतं, नाहीतर तुला संशय आला असता. तेल बंद, तूप बंद, दुधाचं सगळं बंद. खानापूरकडच्या एका गावात काविळीवर मुळी देतात, तिथं तुला तीन वेळा नेलं. खड्ड्यांतून जीप जात होती, तू पोट धरून बसला होतास, आणि पुढं बसलेल्या आम्हा दोघांना, मला आणि अण्णांना, ठाऊक होतं की त्या मुळीनं काही होणार नाही. वैनी तुला बिनमिठाची पेज भरवायच्या. एकदा मी बेळगावहून आलो तर तू म्हणालास, "परशा, कुंदा आणलास काय?" मी म्हणालो, कावीळ उतरू दे. तू म्हणालास, "एक चमचा रं." वैनी आत निघून गेल्या. मी पुन्हा म्हणालो, उतरू दे. तू काहीही खाल्लं असतंस तरी चाललं असतं, भूपाल. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मागतील ते द्या. आम्ही दिलं नाही, कारण दिलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. माझ्या उभ्या आयुष्यात मी यापेक्षा क्रूर काही केलेलं नाही, आणि ते मी एका चमच्याएवढ्या गोष्टीत केलं.

दर खेपेला तू विचारायचास.

"बंगळूरचं काय झालं?"

"अजून न्हाय आलं."

"दीड महिना झाला की."

"गर्दी असतीया त्यांच्याकडं."

तू आढ्याकडं बघत पडला होतास. मग म्हणालास, "परशा, आलं न्हाय म्हणून आत काय लिवलंय त्ये ठरायचं ऱ्हायलंय, असं तर तुला म्हणायचं न्हाय न्हवं?"

मी हसलो. मोठ्यानं हसलो. तूही हसलास. ऐकणाऱ्याला वाटलं असतं दोघा जुन्या मास्तरांचा विनोद चाललाय. आता कबूल करतो: गाठीला कणाचे नियम लागू नाहीत. गाठ जिथं होती तिथं होती, तिचा आकार तिचा होता, कागद कुणी वाचो न वाचो. एवढ्यापुरतं तुझं मत बरोबर होतं, आणि ज्या गाठीबद्दल ते बरोबर ठरलं तिनंच तू मेलास.

प्रयोगाचं तू सोडलं नव्हतंस. तू म्हणालास, जुन्या चिठ्ठ्या मळल्यात, एकीचा कोपरा दुमडलाय, हाताला ओळखू येते, नव्या जाड कागदाच्या कर. आणि म्हणालास, "दिवाळीनंतर बसू या. जरा ताकद येऊ दे." तेव्हा दिवाळीला तीन महिने होते आणि तुझ्याकडं एकच होता. अजून तू भिंतीला टेकून तासभर बसू शकत होतास. मी म्हटलं असतं, चल उद्याच बसू, तर राहिलेल्या फेऱ्यांतल्या निम्म्या तरी झाल्या असत्या. पण घाई केली असती तर तू माझ्या तोंडाकडं बघितलं असतंस. मी म्हणालो, "काय घाई हाय?" माझी ही तीन वाक्यं सहज निघालेली नव्हती, त्यातलं प्रत्येक मी तोलून बोललो. गर्दी आहे. कावीळ उतरू दे. काय घाई आहे.

चिठ्ठ्या नव्या करायला सांगणाऱ्या माणसाला आपण जातोय हे ठाऊक नसतं, असं मी धरून चाललो होतो. मग शेवटची खेप झाली. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. मी गाडी चालवत होतो, तू शेजारी. संकेश्वर मागं पडलं तेव्हा तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "परशा, क्षमा कर रं."

मी म्हणालो, "आज कुठली? तुझ्या क्षमेच्या दिवसाला अजून वेळ आहे."

"तवा गर्दी असतीया," तू म्हणालास.

 पुढं एक ट्रॅक्टर होता, त्याला मागं टाकण्यात मी बरंच लक्ष घातलं. तिथं मला गाडी बाजूला घेता आली असती. विचारता आलं असतं, तुला कळलंय का रे? एवढं एकच वाक्य. मी विचारलं नाही आणि निपाणी आली.

शेवटचे चार दिवस तू शुद्धीत नव्हतास. अण्णांनी पंडितांना बोलावलं, ते तुझ्या कानाशी णमोकार मंत्र म्हणत बसले. तुझे डोळे मिटलेले होते. मी खोलीच्या दारात उभा होतो आणि एकदाही आत येऊन तुझ्या कानाशी खरं बोललो नाही. तेव्हा तर कुणी अडवलंही नसतं.

तुझी वही वैनींनी मला दिली. तुझा नियम होता, चाळीस झाल्याशिवाय नाही. मी तो मोडला. दोन वह्या शेजारी ठेवल्या, यंत्रातल्या जुळण्या लावल्या आणि आकडा काढला. अकरा फेऱ्यांच्या आकड्यानं काही सिद्ध होत नाही, हे तू म्हणशील आणि ते खरंय. तरी काय आला ते सांगणार नाही. जे तुला सांगायलाच हवं होतं ते सांगितलं नाही, मग हेच तेवढं कशाला सांगू?

तू गेल्यावर नवव्या दिवशी वैनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार ओढून घेतलं. इतक्या वर्षांत त्या माझ्यापुढं कधी बसल्या नव्हत्या, त्या दिवशी बसल्या.

"भाऊजी, एक विचारते. खरं सांगा. ह्यास्नी ठाऊक हुतं काय?"

माझ्याजवळ दोन पुरावे होते, तू करायला सांगितलेल्या नव्या चिठ्ठ्या आणि गाडीत मागितलेली क्षमा, आणि ते एकमेकांच्या उलट होते. नव्हतं म्हणावं, तर त्या बाईनं स्वतःच्या नवऱ्याचं मरण त्याच्यापासून चोरलं, आणि हे तिला जन्मभर पुरलं असतं. होतं म्हणावं, तर तू रोज तिच्या हातची पेज खात होतास आणि ती तुला फसवतेय हे बघत होतास. प्रामाणिक उत्तर एकच होतं, मला ठाऊक नाही. मोजलं नाही ते लिहायचं नाही, हे मी आयुष्यभर पोरांना शिकवलं. वैनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"व्हय वैनी," मी म्हणालो. "ठाऊक हुतं."

"तुमास्नी बोलले?"

"बोलले."

"काय बोलले?"

"तिला सांगू नगंस मला कळलंय म्हणून, म्हणाले. तिला सोसायचं न्हाय."

त्या पदर तोंडाला लावून खूप वेळ रडल्या. मग उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि माझ्यासाठी चहा टाकला. चहा देताना तुझ्या आईची आठवण काढून म्हणाल्या, "म्हंजे आत्तींसारखेच गेले म्हणा." तू गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज साफ होता.

आता तुमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या हे सांगतात. अण्णांनी दुकानात सांगितलं. परवा बस्तीत, तुमच्या मंदिरात, प्रवचन करणारे म्हणाले, की प्राध्यापक भूपाल आपल्या आईसारखे जाणतेपणानं गेले, सगळं कळूनही घरच्यांना त्यांनी कळू दिलं नाही. लोकांनी हात जोडले. निपाणीत आता हेच खरं आहे, आणि ते माझ्या तोंडून निघालं. ते आधीपासून तुझ्या मनात होतं आणि मी फक्त वाचलं, की तिनं विचारलं म्हणून मी ते त्या स्वयंपाकघरात उभं केलं, हे मला कधीच कळणार नाही. माझ्या मताप्रमाणं कुणी विचारलंच नाही, तर उत्तरही नव्हतं. मला ते मत आता नको आहे. तुझंच बरोबर असू दे, भूप्या. तुला ठाऊक होतं किंवा नव्हतं, दोन्हीपैकी एक काहीतरी तुझ्याजवळ ठरलेलं असू दे, कुणी न वाचलेलं का असेना. मी खोटं बोललो असेन, तर ये आणि सगळ्यांसमोर मला खोडून काढ. हे एक भांडण मला हरायचं आहे.